बॉनेट उघडलं, रविवार गेला!

रविवारी सकाळी नाश्त्याच्या बशा उचलता उचलता कानावर एक वाक्य पडतं, "गॅरेजवाल्याला कशाला उगाच पैसे द्यायचे? एवढंसं काम, मी घरीच करीन की!" मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकलं की शहाण्या गृहिणीनं ओळखावं, आज दुपारचं जेवण साडेतीनला होणार, संध्याकाळचं हळदीकुंकू रिक्षानं गाठावं लागणार आणि न्हाणीघराच्या दारावर पाच काळी बोटं उमटणार!

सावेडीतल्या सोसायटीचं पार्किंग असो, भिंगारमधलं जुनं अंगण असो, की श्रीरामपूर-संगमनेरकडचा टुमदार बंगला असो, घरच्या घरी मोटार दुरुस्त करण्याचा हा सोहळा सगळीकडे सारखाच. आधी बॉनेट उघडतं. मग शेजारचे काका लेंग्यावरच येतात आणि "हे कार्बोरेटरचंच दुखणं!" असं ठणकावून सांगतात. हल्लीच्या गाडीला कार्बोरेटर नसतोच, पण ते काकांना सांगायचं कुणी? मग मुलं जमतात. मग बाहेरून हाक येते, "अगं, जरा टॉर्च धर गं!" तुम्ही कणकेचे हात धुऊन टॉर्च धरायला जाता. "तिकडे नाही, इकडे! अगं, नीट धर ना!" काय शोधायचंय ते धरणारीला माहीत नसतं, आणि शोधणाऱ्याला ते सांगता येत नसतं. इंजिनात ठिणगी पडायच्या आधी घरातच ठिणगी पडते ती इथं!

हे सगळं हसण्यावारी न्यायला हरकत नाही. पण या हौसेत पैसा असतो, सुट्टीचा दिवस असतो, घरातली शांतता असते आणि कधी कधी जिवाशीही गाठ असते. तेव्हा घरी काय करावं, काय करू नये आणि त्यात आपण गृहिणींनी नुसता टॉर्चच धरावा का, याचा आज जरा सविस्तर विचार करू या.

अर्ध्या तासाचं काम दिवसभर का पुरतं?

पहिलं कारण म्हणजे गंज. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे बोल्टच्या आट्यांमध्ये गंज चढला, की तो पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. अशा बोल्टला जोर लावून उपयोग नसतो. त्यावर गंज सोडवणारं पातळ तेल मारून वाट पाहावी लागते, कधी कधी रात्रभर. पण रविवारच्या उत्साहात वाट कोण पाहणार? जोर लावला जातो, पाना निसटतो, बोटांची सालं निघतात आणि बोल्टचं षटकोनी डोकं गोल होऊन बसतं. एकदा ते गोल झालं की पाना धरतच नाही.

दुसरं कारण, चुकीचा पाना. आपल्याकडे पान्यांचे संच दोन-दोन मापांचे मिळतात. दहा-अकरा, बारा-तेरा, असे. त्यातला दहा-अकराचा पाना नेमका वेळेला सापडत नाही. तो बहुधा मुलाच्या सायकलीपाशी असतो किंवा माळ्यावरच्या डब्यात. मग "पकडीनं काम भागवू" असा विचार होतो. पकडीनं काम भागत नाही, बोल्ट मात्र बिघडतो.

तिसरं कारण आजच्या काळातलं. मोबाईलवर दुरुस्तीची चित्रफीत बघितलेली असते. त्यात एक हसतमुख गृहस्थ स्वच्छ हातांनी सात मिनिटांत सगळं खोलून परत बसवतात. त्या चित्रफितीतली गाडी गंजलेली नसते, तिथे उजेड भरपूर असतो आणि न जमलेला भाग कापून टाकलेला असतो. शिवाय एकाच नावाच्या गाडीचे दरवर्षी प्रकार बदलतात. चित्रात जो बोल्ट डावीकडे दिसतो, तो आपल्या गाडीत बंपरच्या मागे लपलेला असतो. पाककृतीच्या चित्रफिती आपणही बघतोच की! त्यांची पुरणपोळी तव्यावर कधी फाटते का?

चौथं कारण, लागणारा भाग गाडी खोलल्यावर आठवतो. गाडी अर्धी उघडी पडलेली, त्यामुळे बाजारात जायचं ते स्कूटरवरून. रविवारी निम्मी दुकानं बंद. एक उघडं सापडतं, तिथला भाग मापाला बसत नाही. दोन फेऱ्या होतात. गॅरेजवाल्याचे जे पैसे वाचवायचे होते, त्यातले निम्मे पेट्रोलात आणि चहात जातात. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच!

आणि पाचवं कारण म्हणजे सगळं परत जोडून झाल्यावर खाली उरलेला एक वॉशर. हा कुठला? कुणालाच आठवत नाही. मग "तसा काही महत्त्वाचा नसावा" असं म्हणून तो खिशात जातो आणि मंगळवारी तुमच्या धुण्याच्या यंत्रात खडखडतो.

तेव्हा आणि आता

यात घरातल्या माणसाचा दोष फार नाही, बरं का! त्यांच्या वडिलांनी घरी गाडी दुरुस्त केलेली त्यांनी लहानपणी पाहिलेली असते. आणि ती गाडीच तशी होती. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, तीच पुढे पद्मिनी झाली. तिचं बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर असायचं. प्लग काढा, ब्रशनं घासा. पॉइंट पॉलिश पेपरनं साफ करा. कार्बोरेटरचा जेट फुंकून काढा. चार पाने, एक पेचकस आणि थोडा धीर एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटायच्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्याही सुरुवातीच्या गाड्यांना कार्बोरेटरच होता.

आपल्या नगरला तर वाहनांचं वारं फार जुनं. (२०२४ साली गावाचं नाव अहिल्यानगर झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच येतं.) लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथलं. आणि घराघरात पोचलेली लुनासुद्धा इथलीच! १९७२ साली हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं ती बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या छोट्या मोपेडवरून ती घेतलेली, पन्नास सी.सी.ची, पायडल मारून सुरू होणारी. ती नगरच्याच कारखान्यात तयार व्हायची. साडी नेसून चालवता येणारं, हलकं आणि परवडणारं वाहन म्हणून कितीतरी शिक्षिका, नर्सबाई आणि गृहिणी लुनावर बसल्या.

लुनाचं इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागे, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची आणि गाडी अडून बसायची. मग प्लगचा पाना घ्या, प्लग काढा, पॉलिश पेपरनं घासा, फडक्यानं पुसा आणि परत लावा, की लुना पुन्हा सुरू. हे काम बायकाही सहज करायच्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या तुमच्यापैकी कितीजणींनी आईला नाहीतर मावशीला डिकीतला पाना काढताना बघितलं असेल! फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना पुन्हा आली, ती विजेवर चालणारी ई-लुना होऊन. तिला प्लगही नाही आणि काजळीही नाही. सगळा काळच बदलला, त्याचं याहून चांगलं उदाहरण कोणतं?

आजच्या मोटारीत पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, हे छोटा संगणक ठरवतो. इंजिनात जागोजागी बसवलेले सेन्सर त्याला खबर देत असतात. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून तर हा कारभार आणखी वाढला. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की बिघाड कुठं आहे हे आधी यंत्र जोडून वाचावं लागतं. नुसतं कान देऊन किंवा वास घेऊन ते कळत नाही. म्हणून "बाबांना जमायचं, मला का जमत नाही?" या विचारानं घरचा माणूस चिडचिडा झाला असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा, "अहो, हात तेच आहेत, गाडी बदलली." रागाचा पारा निम्मा उतरेल.

हौसेला हद्द हवी

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरच्या दुरुस्तीत वेळ गेला, पैसा गेला तर तो भरून निघतो. पण काही कामं अशी आहेत, की तिथं हौसेनं हातच घालू नये. ती कोणती, हे घरातल्या बाईला माहीत असलंच पाहिजे. कारण त्या वेळी शेजारी उभं राहून "थांबा" म्हणू शकणारी ती एकटीच असते.

गाडीखाली शिरणं. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा फक्त चाक बदलण्यापुरता असतो. तो गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. जमीन जराशी मऊ असली, गाडी जराशी हलली, की जॅक कलंडतो. खाली विटा किंवा दगड रचून भागवणंही तितकंच वाईट. वीट भार सोसता सोसता एकाएकी फुटते. तेव्हा नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरसुद्धा, डोकं-हात घालता कामा नये. मुलांचा चेंडू खाली गेला तरी नाही! इथं संकोच करू नका. भांडण झालं तरी चालेल.

ब्रेक. ब्रेकचं तेल हवेतला दमटपणा ओढून घेतं. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी पायाखालचा ब्रेक मऊ पडतो आणि ऐन वेळी दगा देतो. नगरजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. नव्या प्रकारची गाडी विक्रीला येण्यापूर्वी तिची तपासणी करायला सरकारनं ज्या मोजक्या संस्थांना मान्यता दिली, त्यातली ती एक. ब्रेक हा तिथं यंत्रं लावून मोजण्याचा विषय आहे. आपल्या अंगणात "बघू, लागतोय का" म्हणून करून बघायचा नाही.

गरम रेडिएटर. हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको. शिटी वाजणाऱ्या कुकरचं झाकण आपण कधी उघडतो का? रेडिएटरचंही तसंच. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब उतरतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. गाडी पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नये.

पेट्रोल आणि धूर. सुटे भाग धुवायला पेट्रोल आणि ते ठेवायला घरातली वाटी, हा प्रकार घरात मुळीच चालू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत सरकत शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोचू शकते. तसंच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. माणसाला कळायच्या आतच गुंगी येते.

शॉक ॲब्सॉर्बरच्या दाबलेल्या स्प्रिंगा, एअरबॅग आणि विजेवर किंवा विजेच्या मदतीनं चालणाऱ्या गाड्यांतल्या नारिंगी रंगाच्या जाड वायरी, या तीन गोष्टींना घरी स्पर्शही नको. नारिंगी रंग हीच धोक्याची खूण आहे. त्या वायरीत जिवावर बेतेल इतकी वीज असते.

थोडक्यात, जे भाग बिघडले तर जीव जाईल ते गॅरेजकडे, आणि ज्यानं गाडी निरोगी राहते ते घराकडे. ही वाटणी दोघांनी मिळून गाडी धडधाकट असतानाच ठरवून टाकावी. बिघाड झाल्यावर ठरवायला गेलं, की आधी मानापमान मधे येतो.

स्वयंपाकघराचं शहाणपण

मग घरी करायचं तरी काय? भरपूर आहे! आणि गंमत अशी, की ते नीट व्हायला जी शिस्त लागते ती आपल्याच स्वयंपाकघरात रोज पाळली जाते. आपण अनारशाचं पीठ भिजवण्याआधी गूळ घरात आहे का ते बघतो. फोडणीला तेल तापल्यावर मोहरी शोधत नाही. दुरुस्तीचंही तसंच ठरवा. लागणारा भाग, योग्य मापाचा पाना आणि गाडीची पुस्तिका, तिन्ही हाताशी असल्याखेरीज बॉनेट उघडायचं नाही, असा घरचा नियमच करा. काम शनिवारी दुपारी काढलं, तर कमी पडलेली वस्तू आणायला दुकानं तरी उघडी असतात.

काढलेले बोल्ट फरशीवर पसरू देऊ नका. मसाल्याच्या जुन्या डब्याच्या वाट्या इथं फार उपयोगी पडतात. पहिलं काढलेलं पहिल्या वाटीत, दुसरं दुसऱ्या वाटीत. बसवताना उलट्या क्रमानं. शिवाय प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवा. "उरलेला वॉशर कुठला?" हा प्रश्नच उरणार नाही. आणि टॉर्च धरण्यापेक्षा डोक्याला बांधायचा दिवा आणून द्या. त्याची किंमत फार नाही, पण संसारातली कितीतरी भांडणं तो वाचवतो!

घरी बिनधोक करता येतील अशी कामं ही :

* हवेची जाळी : आपला जिल्हा कोरडा आणि धुळीचा. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीआधीच भरतो. तो बहुतेक गाड्यांत चार क्लिपा उघडून काढता येतो. गाडीतल्या थंड हवेची जाळी वेगळी. ती पुष्कळ गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असते. गाडीत बसल्यावर मुलांना शिंका येत असतील, तर आधी तीच बघा.

* वायपर : उन्हानं रबर कडक होतं. मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत बदला.

* पाणी : आपल्याकडे कूपनलिकेचं पाणी बहुधा जड. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरमध्येही बसतो. म्हणून नळाचं पाणी ओतू नका. पुस्तिकेत सांगितलेलं कूलंटच घाला.

* बॅटरी : टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली, की गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. इंजिन बंद करून आधी उणे खुणेची वायर काढा, मग अधिक खुणेची. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा आणि वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. जोडताना उणे खुणेची वायर शेवटी. बॅटरीजवळ काडी किंवा उदबत्ती नको. तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. आणि हो, हातातल्या सोन्याच्या बांगड्या, अंगठी आणि लोंबणारं मंगळसूत्र आधी काढून ठेवा. धातू दोन्ही टोकांना एकदम लागला, तर क्षणात लालबुंद तापतो.

* टायर : महिन्यातून एकदा, गाडी फार चाललेली नसताना हवा तपासा. किती हवी ते दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. मोटारीच्या टायरच्या खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल हव्यात, असा कायदा आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बदलायचा झाला.

बॉनेटपाशी जाताना पदर किंवा ओढणी खोचून घ्या, वेणी मागे बांधा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो.

टोपीच्या पिनेची गोष्ट

"हे आपल्याला कुठलं जमायला!" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी एक खरी गोष्ट. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी तयार केली, १८८६ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. पण गाडी विकत घ्यायला कुणी पुढं येईना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था यांनी नवऱ्याला न सांगता ती गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी निघाल्या! अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या नगर-पुण्याहून थोडंसंच कमी. एवढ्या लांब मोटारीनं तोवर कुणीच गेलं नव्हतं.

वाटेत इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी टोपीची लांब पिन काढून ती मोकळी केली. एक वायर उघडी पडली होती, तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. मोटारीच्या इतिहासातली रस्त्यावरची पहिली दुरुस्ती एका संसारी बाईनं केलेली आहे, हे लक्षात असू द्या. आणि हेही बघा, ब्रेकचं काम त्यांनीसुद्धा स्वतः केलं नाही, कारागिराकडूनच करून घेतलं!

आज आपल्यातल्या कितीजणी स्वतः गाडी चालवतात. मुलांना शाळेत सोडतात, सासूबाईंना दवाखान्यात नेतात, शिर्डीला जाऊन येतात. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांची कीर्ती तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. अशा वेळी राहुरीच्या पुढे टायर बसला आणि घरचा माणूस पुण्यात मीटिंगमध्ये असला, तर? त्या वेळी त्यांनी घरी केलेल्या शंभर दुरुस्त्यांचा उपयोग होत नाही. तुम्हाला स्वतःला काय येतं, तेवढंच कामाला येतं.

म्हणून चाक बदलणं तेवढं एकदा घरच्या अंगणात शिकून घ्या. गाडी सपाट, टणक जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पलीकडच्या चाकाला दगड लावा. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. इथंच बहुतेकांची गफलत होते. चाक हवेत गेलं की ते नुसतं गोल फिरतं आणि नट सुटत नाही. हाताच्या जोरानं नट हलला नाही, तर पाना आडवा लावून त्यावर वजन द्या. मग जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. स्टेपनी बसवली की नट समोरासमोरचे, आळीपाळीनं आवळा. गाडी खाली उतरवून पुन्हा एकदा आवळा. वर्दळीच्या रस्त्यावर असाल, तर गाडी कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावा, तांबडा त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा आणि मुलांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. जागा धोक्याची वाटली तर चाक बदलायच्या भानगडीत न पडता मदत मागवा. विमा उतरवताना रस्त्यात मदत मिळण्याची सोय घेतली आहे का, तो क्रमांक तुमच्या मोबाईलमध्ये आहे का, हे आजच बघून ठेवा.

आणखी एक. समोरचे दिवे वाचायला शिका. पिवळा दिवा लागला, तर लवकरात लवकर दाखवून घ्या. तांबडा लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा. त्यातही तेलाच्या झारीचं तांबडं चित्र दिसलं, की इंजिन ताबडतोब बंद. "घरापर्यंत जाऊ" म्हणून हाकत नेलं, तर इंजिनच जाम होऊन बसतं.

गॅरेजमध्येही घरातली दुरुस्ती लपवू नका. काय काय उघडलं होतं ते कारागिराला सरळ सांगितलं, तर त्याचा शोधायचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही. "वहिनी, साहेबांना फोन द्या" असं तो म्हणाला, तर "मलाच सांगा" म्हणा. कोणता भाग बदलला ते विचारा, जुना भाग दाखवायला सांगा आणि बिल ठेवून द्या. गाडी अजून वॉरंटीत असेल, तर घरी काही उघडण्यापूर्वी तिच्या अटीही वाचून घ्या.

काळे हात, काळे कपडे

हात : कोरड्या हातांवरच चमचाभर गोडेतेल आणि चमचाभर साखर घेऊन चोळा, मग साबणानं धुवा. आधी पाणी लावू नका. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात या औषधाला काय तोटा?

कपडे : ग्रीसचा डाग आधी चमच्याच्या पाठीनं खरवडून काढा. त्यावर शंखजिरं किंवा साधी टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, झटका, मग भांडी घासायचं द्रव साबण कोरडंच चोळून पंधरा मिनिटांनी गरम पाण्यानं धुवा. हे कपडे बाकीच्या धुण्यात मिसळू नका. पेट्रोल लागलेली फडकी तर यंत्रात मुळीच टाकू नका. ती बाहेर मोकळ्या हवेत, आगीपासून लांब वाळू द्या.

फरशी : सांडलेल्या ऑईलवर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, ते शोषलं की झाडून घ्या. जुनं ऑईल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्यावं.

हौस मोडू नका, मैत्रिणींनो. सबंध आठवडा कचेरीत कागदांशी झगडणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातांनी काही नीट केल्याचं समाधान हवं असतं, आणि ते मिळालं की तो रविवार सगळ्या घरालाच गोड जातो. फक्त कुठली कामं अंगणातली आणि कुठली गॅरेजमधली, ही रेघ तुम्हालाही ठाऊक असू द्या आणि ती ओलांडली जाऊ देऊ नका. आणि पुढच्या प्रवासाला निघण्यापूर्वी एकदा डिकी उघडून बघा. स्टेपनीत हवा आहे का? जॅक आणि चाकाचा पाना जागेवर आहे का? कधी बघितलंत?